चुडा आणि जांभई

त्या सकाळी मी शैलाच्या हातात सहा बांगड्या भरायला घेतल्या आणि त्यातली एक भरली गेली. उरलेल्या पाचांचे तुकडे आमच्या दोघांच्या मधे सतरंजीवर पडले होते.

“पाच वाढवल्या,” शैला म्हणाली. शैला माझी बायको, कासाराची लेक आणि कासाराची सून. बांगडी फुटली असं ती झोपेतही म्हणायची नाही.

“उद्या बर्ग्यांच्या मांडवात अशाच वाढवल्या, तर परवा दुकानही वाढवावं लागेल,” मी म्हणालो आणि मोठी जांभई दिली.

“ही तेरावी.” तिनं उठून भिंतीवरच्या कॅलेंडरावर खूण केली. त्या कॅलेंडरावर एरवी दुधाचे खाडे मांडले जायचे. गेले नऊ दिवस माझ्या जांभया मांडल्या जात होत्या, कारण साताऱ्याच्या डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं, काय काय त्रास होतो ते लिहून ठेवा. शैलाला कुणी लिहून ठेवा म्हटलं की ती पाहुण्यांच्या शिंकासुद्धा लिहून ठेवील.

हे अठरा वर्षांपूर्वीचं. फलटणला आमचं बांगड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी जेवून आडवा झालो तो होळीपर्यंत उठलोच नाही. म्हणजे अंघोळीला उठायचो, ताटावर बसायचो, पण परत येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचो. कारण काही नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता, बायको भांडत नव्हती. कारण असतं तर लोकांना सांगायला तरी बरं पडलं असतं. भिंतीचा एक पोपडा हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखा निघाला होता, आणि मी रोज नजरेनं चंद्रपूरपासून रत्नागिरीपर्यंत जाऊन परत यायचो. दुकान शैला एकटी चालवायची. शेवटी तिनं मला उभं केलं, अंगात शर्ट घातला आणि एसटीत बसवून साताऱ्याला नेलं.

डॉक्टरबाई माझ्याहून वयानं लहान होत्या. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नाही. रोज सकाळी जेवून एक गोळी. “बरं वाटायला तीन-चार आठवडे लागतील. पण गोळीचा त्रास मात्र पहिल्या दिवसापासून जाणवेल. तोंड कोरडं पडेल, हात थरथरतील, जांभया येतील. बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं. मनानं गोळी बंद करायची नाही. काही वाटलं तर मला फोन करायचा.”

“म्हणजे आधी सासुरवास, मग संसार,” मी म्हणालो.

पाच महिन्यांत मी केलेला तो पहिला विनोद. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, शैला मात्र रडली.

आता हे तिन्ही त्रास कासाराच्याच वाट्याला यावेत याला काय म्हणावं? बांगडी भरणं हे ताकदीचं काम नव्हे. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पंजा लहान करायचा, बांगडी अलगद वर सारायची आणि सगळा वेळ बोलत राहायचं. माझे वडील म्हणायचे, बाईचं लक्ष बांगडीवर असलं की तिचा हात दगड होतो. तिला सासूचं विचार. सासूचं नाव निघालं की बाई आपला हात विसरते. तो सैल पडला की बांगडी आत. वडिलांनी या एका प्रश्नावर चाळीस वर्षं धंदा केला. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली, हात थरथरतायत, आणि सासूचं विचारायला तोंड उघडलं की जांभई यायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्या संसाराला कंटाळला.

गावानं तर आपला निकाल दिलाच होता. चहाच्या टपरीवर माझ्या हातून कप पडला. अकरा वाजता मी जांभया देत होतो. आणि कोरड्या तोंडासाठी दिवसभर वेलदोडा चघळत होतो. वेलदोडा चघळणारा माणूस म्हणजे वास लपवणारा माणूस, हे फलटणमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. आठ दिवसांत भालू कोळपकर दारूला लागला असं सगळीकडं झालं. मी ते खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दारुड्याला लोक शिव्या देतात पण दुकानात येतात. डोक्याची गोळी म्हटलं असतं तर लोकांनी रस्ता बदलला असता, असं मला वाटायचं.

शैला दोन्हीकडून किल्ला लढवत होती. सकाळी गोळी तीच हातावर ठेवायची, आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्टही तीच काढायची, कारण इतक्या जांभया म्हणजे नजर लागलेली.

“अगं, डॉक्टर म्हणाल्यात ना, गोळीनं येतात म्हणून.”

“असू दे. त्यांचं त्या बघतील, आपलं आपण बघावं.”

आणि या सगळ्यात बर्ग्यांच्या ऋतुजाचं लग्न आलं. बर्ग्यांच्या माई तेव्हा पंचाहत्तरीच्या. माईंचा चुडा माझ्या आजोबांनी भरलेला, त्यांच्या सुनांचा माझ्या वडिलांनी. नात जन्मली तेव्हाच माईंनी सांगून ठेवलं होतं की हिचा चुडा भालू भरणार. शैला म्हणाली, मी भरते, तुम्ही नुसते बसा. तिनं तसं विचारूनही पाहिलं. माईंचा निरोप आला, “बाकी बायकांचं शैला बघंल. नवरीला कोळपकराच्या कर्त्याचाच हात.” तालुक्यातल्या निम्म्या बायका त्या मांडवात असणार होत्या. तिथं हात फसला असता तर पुढच्या लग्नसराईत आम्हाला कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं.

म्हणून मी डॉक्टरबाईंना फोन लावला.

“उद्या एक चुडा आहे. एक दिवस गोळी सोडली तर चालेल का?”

“एक दिवस सोडली म्हणून उद्या हात थांबणार नाहीत. उलट उद्या सोडाल, मग परवा सोडाल. घ्या गोळी.”

“पण हात थरथरतात, मॅडम. काचेचं काम आहे.”

“मग बांगड्या थोड्या मोठ्या मापाच्या घ्या ना.”

मी फोन शैलाकडं दिला. नवरीच्या हातात सैल चुडा म्हणजे कासाराला शिवी. पण डॉक्टरबाईंना ते काय माहीत? शैला फोनवर म्हणत होती, “हो मॅडम, जांभया उतरल्यात. परवा एकतीस होत्या, काल सव्वीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलानं नेहमीसारखी गोळी हातावर ठेवली आणि ती बांगड्यांच्या पेट्या बांधायला आत गेली. मी गोळीकडं पाहिलं. डॉक्टरबाईंचं बोलणं मला पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि हात वेगळे. मला भिंतीची भीती वाटत होती. पुन्हा तिथं जाऊन पडलो तर आता उठणार नाही, हे मला कळत होतं. पण त्या सकाळी मला भिंतीपेक्षा माझ्या हातांची भीती जास्त वाटली. मी गोळी शर्टाच्या खिशात टाकली आणि वर नुसतंच पाणी प्यायलो.

मांडवात चाळीसएक बायका होत्या. मधे पाटावर ऋतुजा, शेजारी खुर्चीत माई, आणि ऋतुजाच्या मागं तिची चुलती, विमलकाकू. विमलकाकूंचा आवाज असा की त्या घरात बोलल्या तर नळावरच्या बायकांना उत्तर द्यावं लागे. एका बाजूला व्हिडिओवाला उभा होता. दुसऱ्या बाजूला शैला बाकीच्या बायकांसाठी पेट्या मांडून बसली. पेटीला हळदकुंकू वाहिलं, मी पहिली हिरवी बांगडी उचलली आणि ऋतुजाचा हात हातात घेतला. पोरगी घाबरलेली होती. तिचा हात ताठ, माझा थरथरता. बांगडी पंजाच्या हाडापर्यंत गेली आणि टक् झालं.

“वाढवली, वाढवली,” शैला घाईघाईनं म्हणाली.

“कसली वाढवली? फोडली त्यानं!” विमलकाकू कडाडल्या. “मी सांगत न्हवते? सकाळच्या पारी टाकून आलाय ह्यो. हात बघा कसं लटलट कापत्यात. दारुड्याच्या हातनं आमच्या पोरीचा चुडा भरायचा व्हय?”

व्हिडिओवाल्यानं कॅमेरा माझ्याकडं वळवला.

“भालू,” माई म्हणाल्या, “तोंड उघड.”

सांगायची गरजच नव्हती. नेमकी तेव्हाच मला जांभई आली, ती अशी की कानात दडे बसले. माई खुर्चीतून वाकल्या, त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला आणि परत टेकून बसल्या.

“वेलदोडा हाय.”

“वेलदोडा कशापायी खात्यात ते समद्यांला ठावं हाय, माई,” विमलकाकू म्हणाल्या.

आता सोपा रस्ता समोर होता. काल जरा जास्त झाली, माफ करा, एवढं म्हटलं की सुटलो. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या, चुडा शैलाकडून भरून घेतला असता आणि महिन्याभरात विसरून गेले असते. आणि मी ती गोळी आयुष्यभर चोरून घेतली असती. किंवा आजच्यासारखी खिशात टाकली असती. मी शैलाकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती घाबरली होती. होळीच्या आदल्या दिवशी ती माझ्या उशाशी बसून असंच बघत होती.

मी खिशात हात घातला.

“दारू नाही, माई. ही आहे.” माझ्या तळहातावर ती पांढरी गोळी होती, आणि हात थरथरत असल्यामुळं तीही नाचत होती. “दिवाळीपासून होळीपर्यंत मी भिंतीकडं तोंड करून पडून होतो. मनाचा आजार म्हणतात त्याला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ही दिली. हिच्यानं हात कापतात, अजून आठ-दहा दिवस कापतील. जांभयाही हिच्याच. तुम्हाला चालत नसेल तर शैला भरंल चुडा, तिचा हात माझ्याहून चांगला आहे.”

मला वाटलं, संपलं आता. तेवढ्यात शैला उठून उभी राहिली.

“म्हणजे तुम्ही सकाळी गोळी घेतलीच नाही?”

चाळीस बायकांच्या देखत मी माझं काळीज काढून दाखवलं, आणि माझ्या बायकोनं मला एवढंच विचारलं.

माईंनी माझ्या हातावरच्या गोळीकडं नीट पाहिलं. “उपाशीपोटी घ्यायची का जेवून?”

“जेवून.”

“मग थांब.” त्यांनी रुखवतातला एक रव्याचा लाडू मागवला आणि माझ्या हातात दिला. “खा.”

ज्याचं तोंड दहा दिवस वाळवंट झालंय त्याला रव्याचा लाडू देणं ही शिक्षाच होती. पहिल्या घासाला रवा टाळ्याला जाऊन बसला. दुसऱ्या घासाला मला ठसका लागला आणि थोडा लाडू ऋतुजाच्या शालूवर उडाला. कुणीतरी तांब्या दिला. तो संपला, दुसरा आला. मी गोळी गिळली तेव्हा सगळ्या बायका माझ्या गळ्याकडं बघत होत्या, आणि ती खाली उतरली तशी दोघीतिघींनी “गेली, गेली” असं म्हटलं.

“बस आता,” माई म्हणाल्या. “कापणारा का असंना, हात कोळपकराचाच हाय. पोरीचा चुडा ह्योच भरणार.”

मी पुन्हा ऋतुजाचा हात घेतला. तो अजून ताठच होता. बोलून तिला गुंगवावं, तर तोंडात रवा. शिवाय सासूचं काय विचारणार, तिची सासू अजून उद्या भेटायची होती. मी नुसता तिचा हात धरून बसलो आणि मला जांभई आली. ती आवरायची मी पराकाष्ठा केली, त्यामुळं ती दुप्पट लांबली. मी डोळे उघडले तर समोर ऋतुजानं तोंडावर दुसरा हात धरला होता. तिलाही आली होती. आणि जांभई देताना तिचा माझ्या हातातला हात असा सैल सुटला, की माझ्या थरथरत्या बोटांनीसुद्धा बांगडी वर सरकली. थेट मनगटावर जाऊन बसली.

पोरीनं हाताकडं पाहिलं. “गेली पण?”

वडिलांनी चाळीस वर्षं सासवांवर काढली, आणि हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. मी पुढची बांगडी उचलली आणि वाट बघत बसलो. जांभई आली. तिला आली. बांगडी गेली. तिसऱ्या खेपेला माईंना आली, मग माईंच्या शेजारच्या मावशींना, मग ती मांडवभर पसरली. व्हिडिओवाल्यालाही आली. त्या लग्नाची कॅसेट बर्ग्यांकडं अजून आहे. त्यात पाऊण तास सगळं घराणं आळीपाळीनं जांभया देतंय, आणि पाठीमागं सनई चालू आहे. एका हातात अकरा, दुसऱ्या हातात दहा, नेमक्या मापाच्या, पुन्हा एकही वाढवली नाही. शेवटी ऋतुजानं वाकून नमस्कार केला तेव्हा मी आशीर्वाद दिला. तोही जांभईतच दिला, पण तिनं तो मानून घेतला.

सगळ्या मांडवात एकट्या विमलकाकूंनी जांभई दिली नाही.

मग बायकांच्या बांगड्या सुरू झाल्या. विमलकाकू शैलाच्या रांगेत बसायला निघाल्या, तर माईंनी त्यांना मुद्दाम माझ्यासमोर बसवलं. मी त्यांचा हात घेतला. आयुष्यात हजारो हात धरले असतील, पण इतका ताठ हात मी पाहिला नव्हता. मी जांभई दिली, उपयोग झाला नाही. सासूचं विचारावं, तर सासू शेजारीच बसलेली. चार कशाबशा चढल्या, दोन वाढवल्या. मला वाटलं, आता त्या पुन्हा कडाडणार. नळापर्यंत जाणारा तो आवाज, पण “राहू दे, चार बास” एवढं त्या इतकं हळू म्हणाल्या की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

त्यानंतर, गोळीच्या सतराव्या की अठराव्या दिवशी माझे हात थांबले. कॅलेंडरावरच्या खुणा दहावर आल्या, मग पाचावर, आणि एके सकाळी शैलानं पुन्हा तिथं दुधाचा खाडा मांडला. महिना होत आला तेव्हा मी त्या भिंतीला रंग देऊन घेतला. लोक आता मला दारुडा म्हणत नव्हते. ते गोळीवाला म्हणायचे. पण दुकानात यायचे. रस्ता बदलणारेही दोन-चार निघाले, नाही असं नाही.

एका मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, विमलकाकू आल्या. आत येताना त्यांनी रस्त्याकडं दोनदा वळून पाहिलं. समोर बसल्या आणि हात पुढं केला. दोन्ही हात तर बांगड्यांनी भरलेले होते.

“काकू, जागा कुठंय?”

“असू दे. दोन भर.”

मी हात घेतला. तोच दगड. मी अंगठ्याच्या मुळाशी दाबत बसलो. त्या दुकानातल्या आरशाकडं बघत म्हणाल्या, “भालू, तुझ्या त्या भितीवर काय दिसायचं रं?”

“पोपडा होता एक. महाराष्ट्राच्या नकाशासारखा.”

त्यांनी पुन्हा एकदा रस्त्याकडं वळून पाहिलं.

“माझ्या भितीवर पाल असती,” त्या म्हणाल्या. “तीन वर्सं झाली. तीच पाल.”

मांडवात त्या माझ्यावर ओरडल्या होत्या, तो सगळा आवाज मला आठवला. तीन वर्षं ही बाई घरात, नळावर, मांडवात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होती, आणि खोलीत गेली की पालीकडं तोंड करून पडत होती. मला त्यांची माया आली. मी त्यांचा हात सोडला नाही.

“ती गोळी कुणाला बी देत्यात का?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर बघतात, विचारतात, मग ठरवतात. तुमची माझ्याहून वेगळीही असेल. गुरुवारी शैलाला नेहमीसारखं साताऱ्याला जायचंय माझ्याबरोबर. तुम्ही चला. घरी सांगा, साडी घ्यायला चाललेय.”

“आन् हात कापायला लागलं मंजी? भाकरी कोण करंल?”

“कापतील थोडे दिवस. तोंड कोरडं पडेल.” मी बांगडी उचलली. “आणि जांभया येतील. त्या सगळ्या शैला लिहून ठेवंल. तिनं नवीन कॅलेंडर आणलंयच.”

काकू हसल्या. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी दुसऱ्या हातानं पदर घेऊन पुसलं, आणि पुसता पुसताच विचारलं, “मग कवा भरतुयास बांगडी?”

“भरली, काकू,” मी म्हणालो. “केव्हाच भरली.”